तरतरीच्या गोळीचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण १९५२ सालच्या क्लोरप्रोमझीनपर्यंत आलो होतो. आज पुढचं औषध.

स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून नावाचे डॉक्टर होते. गायगी कंपनीचं एक नवं रसायन त्यांनी आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. क्लोरप्रोमझीनसारखा गुण येईल, ही अपेक्षा. झालं उलटंच. शांत झालेले काही रुग्ण पुन्हा खवळले. मग १९५६ मध्ये तेच औषध नैराश्याच्या रुग्णांना दिलं, आणि ते हळूहळू उठून बोलू लागले. हेच इमिप्रामीन. म्हणजे बघा, एकाला उभं करणारी गोळी दुसऱ्याला भडकवते, हे पहिल्या दिवसापासून समोर होतं. बायपोलर आजारात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उन्मादात जाऊ शकतो, हेही पुढे कळलं. तरी जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणं आपल्याकडे चालतंच.

आता फ्रान्स. १९७८ मध्ये तिथे अमिनेप्टीन आलं, सर्वेक्टर या नावानं. ते मेंदूतल्या डोपामीनवर काम करायचं, त्यामुळे लगेच तरतरी यायची. लोक ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त गोळ्या खाऊ लागले. चेहऱ्यावर, अंगावर भयंकर पुरळ उठायचं, तरी सुटेना. १९९९ मध्ये ते फ्रेंच बाजारातून गेलं.

'गैरवापर' म्हटलं की आपण लगेच 'नशेडी' म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. ज्या औषधानं कानातले आवाज थांबतात, त्याच औषधानं अंग जड होतं, चेहरा मख्ख होतो. अशा माणसाला दोन गोळ्या जास्त घ्याव्याशा वाटल्या, तर त्यात नवल काय? डॉक्टरनं ते विचारायला हवं.

अमेरिकेत सरकारी मनोरुग्णालयं रिकामी होत गेली. बाहेर पुरेशी सोय नव्हती, आणि गंभीर आजाराचे कितीतरी लोक तुरुंगात पोहोचले. तिथे ब्युप्रोपिऑनच्या गोळ्यांची देवघेव सुरू झाली. चुरून नाकानं ओढायची. जास्त डोसानं फिट येते, हा धोका आधीच माहीत होता. त्यापायी हे औषध १९८६ मध्ये बाजारातून काढून १९८९ मध्ये परत आणलं होतं. काही तुरुंगांनी सोपा उपाय केला: गोळीच बंद. ज्याला तिचा खरोखर गुण येत होता, त्याचीही गेली.

लिथियमची गोष्ट निराळी आहे. ती पुढच्या वेळी.