थांबलेले पॅरिस, हरवलेले परिस्तान

कल्याणच्या उर्दू शाळेत नववीच्या मुलांना आम्ही एकदा रेने क्लेअर यांचा ‘पारी की दॉर’ म्हणजे ‘झोपलेले पॅरिस’ हा १९२५ सालचा फ्रेंच मूकपट दाखवला. एक शास्त्रज्ञ अदृश्य किरण सोडतो आणि सारे शहर जागच्या जागी गोठते. किरण पोचत नाही एवढ्या उंचीवर असलेले तेवढे वाचतात: आयफेल टॉवरचा रखवालदार आणि विमानातले प्रवासी. हटकणारे कोणी नाही. काही दिवस चैन होते, मग कंटाळा येतो, भांडणे लागतात. सकाळची डोंबिवली लोकल अशी गोठली तर, या कल्पनेने वर्ग हसून बेजार झाला.

मग प्रश्न आला, आपल्याकडे असे कोणी केले नव्हते का?

आम्ही फातमा बेगमचे नाव सांगितले. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या या बाईने १९२२च्या ‘वीर अभिमन्यू’त काम केले. ‘राजा हरिश्चंद्र’त तारामती पुरुषाने साकारली, त्याला तेव्हा दहाच वर्षे होत होती. १९२६ साली तिने मुंबईत स्वतःची फातमा फिल्म्स ही संस्था काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातली ती पहिली स्त्री-दिग्दर्शक. त्याला विज्ञानपट म्हणता येणार नाही. तिथे किरणाच्या जागी जादू होती. पण हिकमत त्याच कुळातली. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, पुन्हा चालू करायचा, माणूस गायब! फ्रान्सच्या मेलिएसने हे केले, आपल्या फाळक्यांनीही केले. तिलिस्माच्या दास्तानी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला हे परके वाटले नसणार.

क्लेअरचा चित्रपट आज पाहता येतो, फातमाचा नाही. त्या काळची नायट्रेटची फीत भुरकन पेटे. शिवाय तिच्यातल्या चांदीसाठी जुन्या फिती विकल्या जात. पॅरिसमध्ये १९३६ सालीच चित्रपट जपणारी संस्था उभी राहिली, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४चे. तोवर बहुतेक मूकपट गेले होते. फातमाची मुलगी जुबेदा हिचा १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, तोही उरला नाही.

फितीचा दोष आहेच. पण आमच्या समाजानेही आपल्या कर्तबगार स्त्रियांची यादी करताना सिनेमावाल्या बाईला कधी आवर्जून जागा दिली नाही, हेही कबूल केले पाहिजे. बाई १९८३पर्यंत हयात होत्या.

तास संपता संपता एका मुलीने पुढच्या शनिवारी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दाखवा म्हणून हट्ट धरला. आम्हाला तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले.