नरसीचा अभंग आणि तीन मिनिटांची तबकडी

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान, असें परंपरा सांगते. त्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ आहे. तेथें विसोबा खेचरांनीं नामदेवांस उपदेश केला. हेच विसोबा आधीं ज्ञानेश्वरादि भावंडांचे छळक होते, अशीहि कथा आहे. पुढें ज्ञानेश्वरांच्या समाधीचा प्रसंग अभंगांतून गाइला तो नामदेवांनींच. म्हणून पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९४० सालीं ‘संत ज्ञानेश्वर’ हा बोलपट काढला, तेव्हां त्यांतील कथेचें एक मूळ नरसीच्या या पुत्रापाशीं पोंचत होतें.

या बोलपटांत थोर वयाच्या ज्ञानेश्वरांची भूमिका केली शाहू मोडक यांनीं. बालपणींचे ज्ञानेश्वर यशवंत या बालनटाचे. मोडकांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजीं, अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’ मध्यें भालजी पेंढारकरांनीं त्यांना श्रीकृष्ण केलें, तेव्हां त्यांचें वय अवघें चौदा वर्षांचें होतें. शांता आपटे राधा झाल्या होत्या. मुंबईंत तो बोलपट पंचवीस आठवड्यांवर चालला. १९३९ च्या ‘माणूस’ मध्यें शांतारामबापूंनीं याच तरुणाला पोलिसाचा वेष दिला, आणि वर्षभरांत दामले-फत्तेलाल यांनीं त्याला ज्ञानेश्वर केलें. परंपरेप्रमाणें ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं समाधि घेतली तेव्हां ते एकवीस वर्षांचे होते. मोडक त्या वेळीं बावीस वर्षांचे. संताच्या व नटाच्या वयाचा असा मेळ क्वचितच बसतो. धर्म कोणता, हा प्रश्न प्रेक्षकांना पडला नाहीं. त्यांनीं त्या चेहऱ्याला आपलेंसें केलें.

परंतु चेहरा पडद्यावरच राही. घरीं येई तो आवाज. शांताराम आठवले यांचीं पदें, केशवराव भोळे यांच्या चाली, आणि दहा इंच व्यासाची काळी तबकडी! मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटांचें गाणें मावे. कीर्तनकार ज्या अभंगावर घटकाभर रंगे, तोच अभंग येथें सनई-पेटीसकट तीन मिनिटांत आटपावा लागे. फापटपसारा गळाला, तसा कांहीं विस्तारहि गेला. नफा-तोटा दोन्ही समजून घ्यावे.

हिंगोलीच्या बाजूस तेव्हां निजामाचें राज्य होतें. कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपलें, आणि हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. ज्या मुलुखांत मराठी दरबाराबाहेर उभी होती, तेथें एखाद्या घरीं मराठी अभंगाची तबकडी वाजणें, ही नुसती करमणूक कशी म्हणावी?

आतां मुख्य गोष्ट. अशी तबकडी मुख्यतः लाखेची, दगडाच्या भुकटीची आणि काजळीची असे. तिच्यावरून पोलादी सुई फिरे. सुई दर बाजूस बदलावी लागे, कारण ती झिजे. आणि सुई झिजतां झिजतां तबकडीच्या रेघाहि झिजवी. म्हणजे घरांत जी तबकडी सर्वांत लाडकी, तिचाच आवाज सर्वांत आधीं खरखरूं लागे. प्रेमानेंच ती संपे. अभंगाचें याच्या अगदीं उलट. तो जितका म्हणावा तितका टिकतो. नामदेवांची वाणी मुखामुखानें पंजाबापर्यंत गेली. शिखांच्या ग्रंथसाहिबांत त्यांचीं एकसष्ट पदें आहेत. तेथें ना सुई होती, ना तबकडी.

मग तबकडीचें महत्त्व काय? अभंग टिकतो, पण म्हणणाऱ्याचा गळा टिकत नाहीं. नामदेवांचा आवाज कसा होता, हें जगांत कोणी सांगूं शकत नाहीं. आरंभींच्या बोलपटांत नटाला स्वतःच गावें लागे. पुढें पडद्यामागून दुसऱ्यानें गाण्याची रीत सर्रास झाली आणि चेहरा एकाचा, कंठ दुसऱ्याचा, अशी वाटणी ठरून गेली. त्या वाटणीपूर्वीं चेहरा व कंठ एकाच तरुणाचे असत, याची साक्ष या तबकड्या देतात. मोडकांनीं पुढें अनेक बोलपटांत श्रीकृष्ण रंगविला. ११ मे १९९३ रोजीं ते गेले. पण बाविसाव्या वर्षींचा आवाज नटाजवळहि राहत नसतो. तो राहतो फक्त अशा एखाद्या रेघेंत.

म्हणून माळ्यावरची तबकडी भंगारवाल्याच्या हातीं देण्यापूर्वीं थोडें थांबावें. ती जपून पुसावी, उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी, आणि जुन्या सुईखालीं पुनःपुन्हां न घालतां एकदांच जाणत्याकडून नव्या साधनावर उतरवून घ्यावी. नरसीच्या अभंगाची काळजी वारकरी वाहतो आहे. या आवाजाची काळजी मात्र आपणांवाचून कोण घेणार?