कुलाब्याच्या वहीतले 1600

2 सप्टेंबर 1859. कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेत पृथ्वीचे आडवे चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळले, म्हणजे नेहमीच्या बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास. आदल्या दिवशी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखलखाट पाहिला होता. कुलाब्यात तेव्हा डोळ्यांनी वाचन करून आकडे वहीत लिहीत. एरवी नोंद तासातासाने. गडबड दिसली की पंधरा, प्रसंगी पाच मिनिटांनी. हा शिरस्ता नसता तर चुंबकीय वादळातली ही घसरण बहुधा निसटली असती.

त्या वादळाचे मूळ सूर्याच्या पोटात होते. त्रिज्येचा बाहेरचा सुमारे 30 टक्के भाग सतत ढवळला जातो. त्या ढवळण्यातून आणि सूर्याच्या फिरण्यातून त्याचे चुंबकत्व घडते, आणि त्यातूनच असे लखलखाट आणि वादळे उठतात. या ढवळण्याचा रासायनिक मागही उरला आहे. लिथियम खोल ओढले गेले की सुमारे 25 लाख अंशांना नष्ट होते. सूर्याच्या पृष्ठभागावर ते उल्कापाषाणांतल्यापेक्षा सुमारे 150 पट कमी आहे. नुसत्या वरच्या थराच्या ढवळण्याने हा हिशेब जुळत नाही, त्याखालीही काही मंद सरमिसळ मानावी लागते.

कुलाब्याच्या नोंदींवर गदा आणली ती मात्र मुंबईच्या विजेच्या ट्रामने, कारण तिच्या वीजप्रवाहाने चुंबकीय वाचने बिघडतात. ती 1907 मध्ये धावली, पण वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस (जन्म 1859, वादळाचेच वर्ष!) आधीच सावध झाले होते. अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. कोकणातला जांभा लोहयुक्त आणि काळा दगडही चुंबकीय, म्हणून पोरबंदरचा दगड वापरला. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली. माझ्या मते मूस यांचे मोठे काम हेच: त्या दुहेरी वाचनांमुळे कुलाब्याची मालिका अलिबागला सलग जोडता येते.

2003 मध्ये त्सुरुतानी, लखीना, अ‍ॅलेक्स आदींनी 1859 चे आकडे पुन्हा जगापुढे मांडले. पुढे तासाची सरासरी काढली तेव्हा घट सुमारे 850 नॅनोटेस्ला भरली. आजची वादळे मोजायचा रूढ निर्देशांक तासाच्या सरासरीवरच बेतलेला आहे. 1989 च्या वादळात तो उणे 589 पर्यंत उतरला होता. त्याच्याशेजारी ठेवायचा आकडा 850, 1600 नव्हे.