उघड्या टपाची गाडी स्वतःच विकताय? आरसीवरचं नाव बदलेपर्यंत गाडी तुमचीच

पेण/रोहा : थार, जिप्सी अशा कापडी टपाच्या गाड्या आपल्या भागात हौसेने घेतल्या जातात. पावसाळ्यात शेडमध्ये, बाकी लग्नाला नाहीतर सुट्टीत बाहेर. त्यामुळे गाडी पाच-सहा वर्षांची झाली तरी किलोमीटर कमीच असतात. अशी गाडी डीलरला न देता थेट गिऱ्हाईकाला विकली तर मधल्या माणसाचा नफा वाचतो. पण मग कागदाची जबाबदारीही आपल्यावरच येते. पैसे हातात आले म्हणजे व्यवहार संपला असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं.

नाव बदललं नाही तर काय होतं?

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये एका अपघाताच्या दाव्यात हे स्पष्ट केलं आहे. त्यातली गाडी एकामागून एक अशी बऱ्याच जणांना विकली गेली होती, पण आरटीओत नाव पहिल्या मालकाचंच राहिलं. अपघात झाला तेव्हा गाडी त्याच्याकडे नव्हती, तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. कारण कायद्याच्या नजरेत ज्याचं नाव नोंदीत, तो मालक. साध्या कागदावर ‘गाडी दिली’ असं लिहून घेतलं तरी आरटीओची नोंद बदलत नाही. ई-चलनसुद्धा नोंदीतल्या मालकाच्याच नावावर येतं.

गिऱ्हाईक येण्याआधी

- कमी किलोमीटरचा पुरावा काढून ठेवा. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा. नुसत्या मीटरवर आता कोणी विश्वास ठेवत नाही.
- टायर बघा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. 2321 म्हणजे 2021 सालातला 23 वा आठवडा. गाडी कमी चालली तरी टायरचं रबर जुनं होतंच.
- उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी कुरतडतात. मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या.
- धरमतर आणि कुंडलिकेच्या खाडीचा खारा वारा पत्र्याला खातो. खालची चासी, दरवाज्याच्या कडा, टपाचे बिजागर बघा. गंज असेल तर रंग मारून लपवू नका, सांगून टाका. गिऱ्हाईकाचा मेकॅनिक तो शोधणारच, मग तुमच्या बाकी बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.
- टप ओला असताना घडी करू नका, बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडल्या असतील तर तेही सांगा.

भाव किती धरायचा?

त्याच मॉडेलच्या, त्याच सालाच्या गाड्यांचे भाव चार ठिकाणी बघा. उघड्या टपाच्या गाडीला गिऱ्हाईक मोजकं असतं, पण शोधत येणारा हौशी असतो. घाई केली तर भाव पडतो. दुर्मिळ गाडीचं गणित वेगळं. गोव्यात सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची फायबर बॉडीची, दोन सीटची उघडी गाडी बनवली होती. अशी गाडी कोणाकडे असली तर आधी स्पेअर पार्टची चौकशी करा, गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.

कागद कोणते?

आपल्याकडच्या एमएच 06 गाड्यांचं काम पेण आरटीओत. अर्ज परिवहन पोर्टलवर भरता येतो.

1. फॉर्म 29 : गाडी विकल्याची तुमची खबर. गिऱ्हाईक राज्यातलंच असेल तर 14 दिवसांत द्यायची असते.
2. फॉर्म 30 : नाव बदलण्याचा अर्ज. विकणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या. घेणाऱ्याला 30 दिवसांची मुदत.
3. फॉर्म 35 आणि बँकेची किंवा पतपेढीची एनओसी : गाडीवर कर्ज होतं तर. हप्ते फिटले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही.
4. फॉर्म 28 : गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आरटीओची एनओसी.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी लागतं. गाडी 1 एप्रिल 2019 आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्या. जुनी चलनं भरून टाका. आरसीला तुमचा चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना ते बघा, ओटीपी त्यावरच येतो. फॉर्म कोरे ठेवून नुसत्या सह्या कधीही देऊ नका.

अलिबाग बाजूला मुंबईकरांच्या बंगल्यावर गाड्या सांभाळणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. मालकाने ‘विकून टाक’ सांगितलं तरी सही आणि ओटीपी मालकाचाच लागतो. पैसेही त्याच्याच खात्यात जाऊ द्या.

पैसे घेताना

- एका व्यवहारात 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. मोठी रक्कम बँकेतूनच घ्या.
- पैसे येण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा फसवतोय. मेसेज नको, खातं उघडून बघा. फसलात तर लगेच 1930 ला फोन करा.
- ट्रायल देताना लायसन्स बघा आणि स्वतः शेजारी बसा.

गाडी देताना आणि दिल्यावर

तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा. फास्टॅग बंद करा. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला 3 वर्षांपर्यंत चालतं.

शेवटी डीलरलाच गाडी द्यायचं ठरलं, तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का आणि तो फॉर्म 29सी भरतो का, हे विचारा. एप्रिल 2023 पासून हा नियम आहे.

महिन्याभराने एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. मालकाच्या जागी अजून तुमचंच नाव दिसलं तर घेणाऱ्याला फोन करा. दाद दिली नाही तर फॉर्म 29 ची पोच घेऊन पेण आरटीओत जा.