विणकाम आणि क्रोशे ऑनलाइन कसे शेअर करावे? फोटोसोबत कृती पाठवण्याची संपूर्ण माहिती

थंडी सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर स्वेटर, टोपडी, तोरणं आणि रुमालांचे फोटो यायला लागतात. खाली लगेच प्रश्न येतो, "ताई, कसं केलं ते सांगा ना." उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत संपतं, आणि तिथेच घोळ होतो.

आमच्याच घरातलं उदाहरण सांगतो. माझी मावशी नांदगाव पेठला राहते. अमेरिकेतल्या भाचीने तिला आपल्या बाळाच्या स्वेटरचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "मावशी, सुया ८ नंबर, पुढचं-मागचं मिळून ९० टाके." मावशीने तशाच जाडीची लोकर आणली आणि आपल्या डब्यातल्या ८ नंबरच्या सुयांवर तीन आठवडे नातवासाठी स्वेटर विणलं. तयार झाल्यावर हातात धरून म्हणाली, "काय व माय, हे तं बाहुलीले होईन, लेकराले नाही."

मावशीचं विणकाम चुकलं नव्हतं, भाचीनेही खोटं सांगितलं नव्हतं. अमेरिकेतली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते आणि आपल्याकडची ८ नंबरची ४ मिलिमीटरची. फोटो पोहोचला, कृती पोहोचली नाही. म्हणून या लेखात आपण पाहूया की आपलं विणकाम दुसऱ्याला करता येईल अशा पद्धतीने कसं पाठवायचं, कुठे ठेवायचं आणि काय काळजी घ्यायची.

फोटोसोबत काय काय पाठवायचं?

प्रत्येक वस्तूसोबत खालच्या सात गोष्टी लिहा. एक छोटा मेसेज पुरतो.

१. वस्तू काय आहे आणि कोणत्या मापाची: घेर, लांबी, रुंदी सेंटिमीटरमध्ये.
२. दोरा किंवा लोकर: प्रकार, जाडी किंवा नंबर, एकूण किती ग्रॅम लागली.
३. सुईची जाडी मिलिमीटरमध्ये. नंबर लिहिला तर तो कुठल्या देशाचा तेही लिहा.
४. १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसल्या.
५. सुरुवातीला किती टाके किंवा साखळ्या घातल्या.
६. वीण: ओळीनुसार किंवा फेरीनुसार.
७. मूळ वीण कुणाची. स्वतःची असेल तर तसं, कुणाकडून शिकलात तर तिचं नाव (तिला चालत असेल तर).

नंबरांचा घोळ: मोठा नंबर म्हणजे जाड की बारीक?

नांदगाव पेठच्या वाचकांना हा मुद्दा चटकन कळेल. इथे एमआयडीसीचा टेक्स्टाइल पार्क आहे, आणि पीएम मित्र पार्कची पायाभरणीही २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. सूतगिरणीत सुताची जाडी 'काउंट'मध्ये सांगतात. एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात तितका त्याचा काउंट. ४० काउंटच्या एका पौंडात ३३,६०० वार सूत भरतं. म्हणजे काउंट वाढला की सूत बारीक.

क्रोशाच्या दोऱ्याचंही तसंच आहे: १० नंबरचा दोरा जाड, २० नंबरचा त्याहून बारीक. आपल्याकडच्या विणायच्या सुयाही जुन्या ब्रिटिश नंबरांवर चालतात, तिथेही नंबर मोठा तर सुई बारीक. अमेरिकी सुयांचं मात्र बरोबर उलटं, नंबर मोठा तर सुई जाड. हा तक्ता मोबाइलमध्ये जपून ठेवा:

- २.७५ मिमी: आपला १२, अमेरिकी २
- ३.२५ मिमी: आपला १०, अमेरिकी ३
- ३.७५ मिमी: आपला ९, अमेरिकी ५
- ४ मिमी: आपला ८, अमेरिकी ६
- ४.५ मिमी: आपला ७, अमेरिकी ७
- ५ मिमी: आपला ६, अमेरिकी ८

गंमत म्हणजे ७ नंबर दोन्हीकडे सारखाच आहे. त्यामुळे एकदा जमलं म्हणून पुढच्या वेळीही जमेल असं समजू नका. मिलिमीटर लिहिलं की वादच मिटतो.

खांब आणि मुका खांब: इंग्रजी नावांपासून सावध

क्रोशाच्या इंग्रजी कृतींमध्ये दुसरी अडचण असते. अमेरिकेत ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकेतला 'डबल' हा ब्रिटनमध्ये 'ट्रेबल' होतो. म्हणजे नुसतं 'डबल क्रोशे' लिहिलं तर वाचणारीने मुका खांब घ्यायचा की खांब, हे कळतच नाही. खांब उंच आणि मुका खांब बुटका असल्यामुळे रुमालाचा आकारच बदलतो.

आपली मराठी नावं इथे जास्त सरळ आहेत. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. मुका खांब म्हणजे अमेरिकी सिंगल, खांब म्हणजे अमेरिकी डबल. इंग्रजी कृती पाठवताना वर एक ओळ टाका: "ही अमेरिकी पद्धतीची आहे" किंवा "ब्रिटिश पद्धतीची आहे". ओळखायची खूण अशी की कृतीत कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसलं तर ती अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच वापरत नाहीत.

१० सेंटिमीटरचा तुकडा: थोडा वेळ घालवा, तीन आठवडे वाचवा

एकाच सुईवर, एकाच लोकरीने दोघी विणायला बसल्या तरी टाके सारखे येत नाहीत. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. म्हणून सुरुवातीला साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते ओढले गेलेले असतात.

हिशेब सोपा आहे: एकूण टाके भागिले १० सेंटिमीटरमधले टाके, गुणिले १०. भाचीच्या ५ मिमीच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसत होते. ९० भागिले १८ म्हणजे ५, गुणिले १० म्हणजे ५० सेंटिमीटर घेर. वर्षाच्या बाळाला नीट बसणारा. मावशीच्या ४ मिमीवर २२ टाके बसले. तिचा घेर आला जवळपास ४१ सेंटिमीटर. ९ सेंटिमीटरचा फरक फोटोत दिसत नाही, अंगात घालताना दिसतो.

सगळ्यांनी मिळून एकच वस्तू करायची असेल तर हे माप आणखी महत्त्वाचं. २०१६ साली चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीज विक्रम केला. ठिकठिकाणच्या महिलांनी घरी विणलेले तुकडे त्यात जोडले होते. तुमच्या गल्लीतल्या दहा जणींनी मिळून गणपतीच्या मखराला तोरण करायचं ठरवलं, तरी आधी सगळ्यांचा दोरा, सुई आणि माप एक करावं लागेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो कसा पाठवावा?

- दिवसा खिडकीजवळ, वस्तू सपाट ठेवून फोटो काढा. फ्लॅशने टाके पुसट दिसतात.
- तीन फोटो पुरेत: पूर्ण वस्तू, विणीचा जवळून काढलेला भाग आणि मागची बाजू. जवळच्या फोटोत बाजूला मोजपट्टी ठेवा.
- नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप लहान करतं. आलेखातले चौकोन मोजायचे असतील तर 'एचडी' निवडा, नाहीतर अटॅचमेंटमधून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- पण लक्षात ठेवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत तो कुठे काढला याची माहिती तशीच जाऊ शकते. अनोळखी गटात पाठवण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून फोटो काढा.
- वहीत लिहिलेली कृती असेल तर गुगल ड्राइव्हमधल्या स्कॅन सुविधेने तिची पीडीएफ करा. सगळी पानं एका फाइलमध्ये राहतात.
- बाळाला स्वेटर घालून फोटो काढला असेल तर चेहरा न दिसणारा फोटो निवडा. विणकाम पाहायला चेहरा लागत नाही.

कुठे शेअर करावं?

व्हॉट्सअ‍ॅप गट: ओळखीच्या मैत्रिणींसाठी उत्तम. दोन अडचणी आहेत. गटातल्या सगळ्यांना तुमचा नंबर दिसतो, आणि चांगली कृती शुभेच्छांच्या मेसेजखाली गाडली जाते. त्यासाठी गुगल ड्राइव्हवर एक फोल्डर करा, त्यात कृती ठेवा आणि लिंक गटाच्या माहितीत टाका. परवानगी देताना 'व्ह्यूअर' निवडा. 'एडिटर' दिलं तर कुणाच्याही हातून फाइल पुसली जाऊ शकते.

यूट्यूब: हाताची हालचाल दाखवायची असेल तर याला तोड नाही. मोबाइल वरून खाली बघेल असा उभा करा आणि हात सावकाश चालवा. बघणाऱ्यांनी वेग ०.५ करावा.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक: नवीन लोकांपर्यंत पोहोचायला चांगलं, पण कृती शोधून काढायला अवघड. कृती फोटोखाली शब्दांत लिहा.

रॅव्हलरी: खास विणकाम आणि क्रोशासाठीची वेबसाइट, २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्याने सुरू केली. खातं मोफत आहे, भाषा इंग्रजी. प्रत्येक वस्तूच्या पानावर लोकर, सुई आणि टिपांसाठी वेगळे रकाने असल्यामुळे कृती लिहायला विसरताच येत नाही. तीच वीण दुसऱ्यांनी केल्यावर काय झालं तेही वाचता येतं. "घेर लहान येतो, दहा टाके वाढवा" अशी एखादी टीप आपलं आठवडाभराचं काम वाचवते.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. तिथल्या बऱ्याच कृती थंड देशांसाठी, जाड लोकरीच्या असतात. आपल्या वऱ्हाडात हिवाळा छोटा आणि उन्हाळा कडक. तीच वीण सुती दोऱ्यात करायची तर नवा तुकडा विणून टाके पुन्हा मोजावेच लागतात.

दुसऱ्याची कृती पुढे पाठवली तर चालतं का?

सुलट, उलट, खांब, जाळी हे टाके सगळ्यांचे आहेत. पण कुणीतरी लिहिलेली कृती, काढलेला आलेख आणि फोटो यांवर भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तिचा हक्क असतो. विकत घेतलेली पीडीएफ गटात टाकू नका, ती जिथे मिळते ती लिंक द्या. मोफत कृतीचीही लिंकच द्या. एखादी बाई घरी बसून कृती विकून चार पैसे मिळवत असेल, तर आपल्या एका फॉरवर्डने तिचं गिऱ्हाईक जातं.

तुम्हालाच ऑर्डर येऊ लागल्या तर हेही ध्यानात असू द्या की पैसे *घेण्यासाठी* यूपीआय पिन लागत नाही. पैसे देतो म्हणून पिन टाकायला सांगणारा फसवतोय.

एआयने लिहिलेली कृती वापरावी का?

एआयकडून कृतीचं मराठी भाषांतर करून घेता येतं, पण टाके स्वतः मोजा. सपाट गोल रुमाल खांबांचा असेल तर सहसा १२, २४, ३६, ४८ असे प्रत्येक फेरीत १२ वाढतात. मुक्या खांबांचा असेल तर ६, १२, १८, २४. वाढ कमी पडली की रुमालाची वाटी होते, जास्त झाली की झालर. कृतीतले आकडे या हिशेबात बसत नसतील तर दोरा हातात घेण्याआधी विचार करा. एआयने बनवलेल्या चित्रातली वस्तू तर प्रत्यक्षात विणता येईलच असं नाही.

कुठून सुरुवात करावी?

घरातल्या जुन्या रुमालापासून. आजीने केलेल्या रुमालाची कृती बहुतेक वेळा कुठेच लिहिलेली नसते, ती तिच्या हातात असते. मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मधल्या गोलापासून प्रत्येक फेरीतले खांब मोजा, वहीत लिहा. आजी असेल तर तिच्या हातांचा व्हिडिओ घ्या आणि ती टाक्यांना काय म्हणते ते तिच्याच शब्दांत बोलू द्या. हे आज केलं नाही तर उद्या फक्त फोटो उरेल.

मावशीने ते स्वेटर उसवलं. भाचीने या वेळी लिहिलं, "५ मिलिमीटर, १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके." मावशीने डब्यातल्या ६ नंबरच्या सुया काढल्या, आधी चौकोन विणला, मोजला आणि मग ९० टाके घातले. मेसेज एका ओळीचाच होता, पण त्यात मिलिमीटर होतं.