छपाईसाठी प्रतिमेचे रिझोल्यूशन किती असावे?

सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन या स्थानकांच्या मध्ये भेस्तान वसले आहे. कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या व्यवसायामुळे आणि त्यासाठी येथे स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांमुळे हा पट्टा मराठी माणसाला परका नाही. येथील छापील साडीची नक्षी आता संगणकावर तयार होते आणि एका इंचात किती पिक्सेल ठेवावेत, हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

‘सरसकट ३००’ हे उत्तर कागदावरून उसने आले आहे. ऑफसेट छपाईत इंचाला साधारण १५० जाळीरेषा असतात आणि प्रतिमेत त्याच्या दुप्पट पिक्सेल ठेवण्याचा संकेत आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, जाळी ८५ ते १०० रेषांची असते. तेथे २०० पुरतात. दुरून पाहायच्या मोठ्या फ्लेक्सला ७२ किंवा त्याहूनही कमी चालतात.

कापडाचा हिशेब निराळा आहे. साडेपाच मीटर लांब आणि ४४ इंच रुंद साडी ३०० ने मांडली, तर सुमारे ८६ कोटी पिक्सेल होतात व फाईल अडीच जीबीच्या घरात जाते. १५० ठेवल्यास ती चतुर्थांशावर येते. पॉलिएस्टरवरील सब्लिमेशन छपाईत रंग आधी कागदावर उतरतो. नंतर सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत वायुरूप होऊन धाग्यात शिरतो. या प्रवासात कडा किंचित मऊ होतात. म्हणून १५० ते २०० पुरेसे ठरतात. बारीक अक्षरे किंवा चेहरे असतील तेवढाच भाग ३०० चा असावा. यंत्रावर लिहिलेले ६०० वा १२०० हे आकडे शाईच्या थेंबांचे असतात, चित्राच्या पिक्सेलचे नव्हेत. या गोंधळात अनेक फाईली विनाकारण फुगतात.

रोटरी छपाईत पिक्सेलआधी माप पाहावे लागते. प्रचलित निकेल रोलरचा परीघ ६४ सेंटीमीटर असतो. नक्षी त्यात किंवा ३२, १६ अशा भागांत नेमकी न बसल्यास दर फेरीला जोड दिसतो. शिवाय रोलरच्या जाळीहून बारीक रेघ कापडावर उमटतच नाही.

खरे नुकसान मोबाईलच्या छायाचित्रांनी होते. ४,००० पिक्सेल रुंदीचे चित्र ४४ इंचांवर ताणले की इंचाला जेमतेम ९१ पिक्सेल उरतात. संदेशातून आलेले चित्र त्याहूनही लहान झालेले असते. संगणकात आकडा बदलून ३०० केल्याने हरवलेला तपशील परत येत नाही. मूळ फाईल मागवावी आणि थान लावण्यापूर्वी वीतभर तुकडा खऱ्या मापात, त्याच कापडावर छापून हातभर अंतरावरून पाहावा.