नोकरी, खोली आणि नाका

२०२३च्या उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, मग एक ईमेल, आणि संध्याकाळपर्यंत पासवर्ड चालेनासा झाला. बार्शीला घरी सांगितलं नाही. पुण्यात माझ्यासोबत राहणाऱ्या मावसभावालाही नाही. रोज साडेनऊला सॅक पाठीला लावून बाहेर पडायचो आणि पेठेतल्या एका वाचनालयात जाऊन बसायचो. असं अडीच महिने चाललं.

तिथं एका दुपारी अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' वाचली. वारणेकाठच्या गावातून मुंबईला आलेला भीमा. अंगानं दांडगा, पण शहरात काम नाही म्हणून उपनगरातल्या दगडाच्या खाणीवर राबणारा. एक दिवस खाण बंद पडते. मग तो रात्री मसणवटा गाठतो आणि मढ्यांच्या राखेत सोनं शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात आणि ती कायमची जातात. त्यानंतर त्याच्या कानावर बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे.

कथेत कोल्ह्यांशी झुंज आहे, अंधार आहे. पण मला ती शेवटची बातमी लागली. 'थोडं थांबला असता तर' असं आपण म्हणू शकत नाही, कारण थांबायलाही पोटात काहीतरी असावं लागतं. मी थांबू शकत होतो. माझ्या खात्यात चार महिन्यांचं भाडं होतं.

त्या दिवसापासून मी मराठी कथा वेगळ्या नजरेनं वाचू लागलो. आपल्या वयाची माणसं तिथं काय करतात? कुठं अडतात? आणि त्यांचं पुढं काय होतं?

सुरुवात ह. ना. आपट्यांपासून करावी लागते. १८९०मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्यांच्या 'स्फुट गोष्टी' तिथं छापून येत. नवा वाचक शिकलेला, बहुधा ब्राह्मण, शहरी घरातला. करमणूक करता करता त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात ही पत्राची धारणा होती. त्यामुळं या गोष्टींतला तरुण बरेचदा एक उदाहरण असतो. त्याच्याकडं बघून आपण काही शिकायचं असतं. त्याच्या मनात काय चाललंय याची चौकशी कथेनं फारशी केलेली नसते. ती पुढं दिवाकर कृष्णांनी केली. 'समाधी व इतर सहा गोष्टी' हा त्यांचा संग्रह १९२७मध्ये आला तेव्हा ते पंचविशीत होते. त्यांच्यामुळं कथा घटनेकडून मनाकडं वळली, असं मराठी समीक्षेत मानलं जातं.

पण मनाला पैसे लागतात, हे ठणकावून सांगणारं पुस्तक १९३३मध्ये आलं. 'कळ्यांचे निःश्वास', लेखिका विभावरी शिरूरकर. नाव टोपण होतं. पुस्तकानं एवढी खळबळ उडाली की ही बाई कोण, की बाईच्या नावानं कुणी पुरुष लिहितोय, याचीच चर्चा रंगली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या. वय अठ्ठावीस.

त्या कथांमधल्या मुली शिकलेल्या आहेत, बऱ्याच जणी कमावत्या आहेत, आणि लग्न रखडलेल्या आहेत. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे एका कथेचं नावच पुरेसं बोलकं आहे. मुलीला शिकवलं, ती मिळवू लागली, आणि मग तिच्या पगारावर घर चालू लागलं. आता तिचं लग्न कुणाला परवडणार? शिक्षणानं मुलगी स्वतंत्र होते, असं सुधारक सांगत होते. मधल्या काळात ती घराची मिळकत होते, हे विभावरींनी सांगितलं. आमच्या आधीच्या टीममधली एक मैत्रीण दर महिन्याला भावाच्या फीचे आणि घराच्या हप्त्याचे पैसे पाठवते. तिला ही कथा वाचायला दिली. दोन दिवसांनी तिचा एवढाच मेसेज आला : 'हे नव्वद वर्षांपूर्वीचं आहे?'

पुढचा मोठा धक्का १९६३चा. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. बागुल १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावात जन्मले, लहानपणीच मुंबईला मावशीकडं आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले. पुढं सुरतेत रेल्वेत नोकरी करत असताना खोली मिळावी म्हणून त्यांना स्वतःची जात लपवावी लागली होती. शीर्षककथेतला तरुणही तसाच. शिकलेला, कविमनाचा, रेल्वेत लागलेला. डोक्यावर छप्पर हवं म्हणून जात लपवतो, ती उघडी पडते आणि त्याला बेदम मार बसतो. त्याला सोडवतो तो काशिनाथ सकपाळ. तोही दलित, पण काहीही न लपवता अंगावर येणाऱ्याला भिडणारा.

ही कथा वाचताना सुरुवातीला मला वाटलं, अरे, मीही हेच करतोय. मीही चोरून राहतोय. सकाळी खोटं बोलून निघतोय, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून रस्ता बदलतोय. दोन दिवस मी त्या पात्राशी मैत्री केल्यासारखा वावरत होतो. मग आठवलं. पुण्यात आम्ही ही खोली घेतली तेव्हा मालकानं मावसभावाला आणि मला पहिला प्रश्न विचारला होता तो आडनावाचा. आम्ही सांगितलं, ते हसले, चावी दिली. आमच्या मागून जिना चढणाऱ्याचं आडनाव ऐकून ते हसले असते का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलंही नव्हतं.

माझं खोटं एका फोननं संपणार होतं. फार तर अण्णा दोन दिवस बोलले नसते. त्या तरुणाचं खोटं संपलं तेव्हा त्याचं डोकं फुटलं. 'तरुणांचा संघर्ष' असा एकच शब्द आपण सगळ्यांना वाटून टाकतो. मराठी कथा मात्र प्रत्येक वेळी विचारते, कुणाचा? आणि मागं सरकायला त्याच्याजवळ किती जागा आहे?

तिसरा धक्का १९६५चा, भाऊ पाध्यांचा 'वासूनाका'. याला कुणी कादंबरी म्हणतं, कुणी जोडलेल्या कथा. पोक्या सांगतो आणि आपण मुंबईतल्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांचे उद्योग ऐकतो. टवाळी, बायकांवरच्या नजरा, शिव्या, लोचटपणा. आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर कडाडून टीका केली. आज वाचताना त्यातल्या मुलींची बाजू आपल्याला ऐकू येत नाही, हे खटकतंच. पण या पोरांना भाऊंनी सुधारलं नाही आणि त्यांना शिक्षाही केली नाही, यात मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. नाका ही वाट बघायची जागा आहे आणि कशाची वाट बघतोय हे तिथल्या कुणालाच माहीत नाही.

मग या कथांमध्ये माणूस 'घडतो' का? कादंबरीत घडायला वेळ असतो. शाळा, कॉलेज, प्रेम, नोकरी असं चढत जाता येतं. कथेला तेवढी सवड नसते. तिच्यात एकच गोष्ट होते : माणसाला काहीतरी कळतं आणि ते पुन्हा न-कळलेलं करता येत नाही. भीमाला कळतं ते बोटं गेल्यावर. विभावरींच्या मुलीला कळतं की तिच्यावरची माया आणि तिचा पगार आता वेगळे काढता येणार नाहीत. बागुलांच्या तरुणाला कळतं की ज्याला तो भडक समजत होता तो काशिनाथच वेळेला धावून येतो. हे यश नव्हे, पण वाढ आहे. हाडं वाढताना दुखतात, तशी.

२०२१चा मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार किरण गुरव यांच्या कथासंग्रहाला मिळाला. त्याचं नाव 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. मला त्यातला 'अवस्थांतर' हा शब्द फार आवडतो. प्रगती नाही, विकास नाही, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं. मराठी कथा तरुणाकडं अशीच बघत आली आहे.

जूनच्या एका रविवारी मी घरी फोन केला. अण्णांना सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सत्त्याऐंशी साली माझीबी गेली होती. तुझ्या आज्जीला मी सहा महिने सांगितलं नव्हतं." मी विचारलं, "मग रोज जायचा कुठं?"

"ष्टँडवर," ते म्हणाले. "एष्ट्या मोजत बसायचो."